‘आजचे कार्यक्रम’ परत द्या : मनोरंजन विभागाच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रं आणि बातम्यांची संकेतस्थळं यांच्या मनोरंजन व संस्कृती विभागाच्या संपादकांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेदहाला माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. छोटं सभागृह, काळा पडदा, जमिनीवर ठेवलेल्या दोन कंदिलांच्या मधे उभी असलेली एक मुलगी आणि अलीकडे पाठमोरी बसलेली तीस-चाळीस डोकी. खाली एवढंच लिहिलेलं, ‘आजचा पहिला प्रयोग. आलेल्या सगळ्यांचे आभार.’ ते सभागृह माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. त्या संध्याकाळी मी घरीच होतो. काय करत होतो? तर तुमच्यापैकीच एकाच्या संकेतस्थळावर, एका मालिकेतल्या नायिकेने गृहप्रवेशाला कोणत्या रंगाची पैठणी नेसली होती ते वाचत होतो. जांभळी. पदरावर मोर होते.

त्या दिवसभरात तुमच्या विभागाकडून माझ्या फोनवर आठ सूचना आल्या होत्या. रात्री चिडून मागे जाऊन मोजल्या. एका अभिनेत्रीने ‘मोठा खुलासा’ केला होता. एका अभिनेत्याला नेटकऱ्यांनी ‘चांगलंच सुनावलं’ होतं. ‘फोटोतल्या या चिमुकलीला ओळखलंत का?’ हे दोनदा आलं, चिमुकल्या वेगवेगळ्या. कुणाची तरी पोस्ट ‘चर्चेत’ होती. ही चर्चा नेमकी कुठे चालली होती, हे बातमी तळापर्यंत वाचूनही कळलं नाही. एक घटस्फोट, एक गाडी आणि ती पैठणी. आठांपैकी एकाही बातमीत कुठे जायचं, किती वाजता आणि काय बघायचं, यातलं काही नव्हतं. कला, संस्कृती, मनोरंजन अशी ऐसपैस पाटी लावलेल्या दुकानात त्या दिवशी कला हा माल नव्हताच.

म्हणून हे पत्र. रागाने सुरू केलं होतं, आता राग बराच निवळला आहे, पण मागणं तेच आहे.

मी तुमच्याच बिरादरीतला. पंचवीस वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका पेपरची नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे असं एक काम होतं जे कुणालाच नको असायचं : ‘आजचे कार्यक्रम’. दुपारी चारपर्यंत चिठ्ठ्या घ्यायच्या. कुणी पोस्टकार्ड टाकायचं, कुणी सायकलवरून येऊन खालच्या टेबलावरच्या खोक्यात चिठ्ठी सरकवून जायचं. वहीचं फाडलेलं पान, संस्थेचं लेटरहेड, एकदा तर लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर कीर्तनाची वेळ. मी त्या वाचायचो, प्रमुख पाहुण्यांची बिरुदं छाटायचो आणि उरेल ते एकेका ओळीत बसवायचो. काय, कुणाचं, कुठे, किती वाजता. बारीक टायपातला एक कॉलम. जाहिरात वाढली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडायची, आणि पडली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. पुढाऱ्याचं भाषण गाळलं तर एक फोन यायचा, ‘आजचे कार्यक्रम’ गाळलं तर वीस. वेळ चुकली तर मग विचारूच नका. ‘अहो, सहा म्हणून छापलंत, होतं साडेसहा! माणसं येऊन बसली आहेत आणि आमचा तबलजी अजून रिक्षात आहे!’

मला ते काम आवडायचं, कारण मी स्वतः त्या कॉलमातूनच आत आलेला माणूस आहे. १९८३ साली परभणी जिल्ह्यातून पुण्याला शिकायला आलो. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस, ओळखीचं कुणी नाही. मेसमध्ये पेपर यायचा आणि तो सुट्या पानांनी फिरायचा. माझ्या वाट्याला एका दुपारी आतलं पान आलं. त्यात ओळ होती : भरत नाट्य मंदिर, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पत्ता विचारत सदाशिव पेठेत गेलो. आत शिरलो तर दिवे गेलेले आणि अंधारात शे-दीडशे पोरं छातीतून ओरडत होती, ‘अरे आव्वाज कुणाचा!’ मला वाटलं मारामारी चालू आहे. मग पडदा गेला, आणि माझ्याच वयाचा एक मुलगा एका मोडक्या खुर्चीवर बसून म्हाताऱ्यासारखा खोकला. सगळी सभागृहभर शांतता. ती खोकल्यानंतरची शांतता माझ्या अंगात गेली ती गेलीच. तो पुरुषोत्तम करंडक होता. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था तो १९६३पासून भरवते, हे मला फार पुढे कळलं.

आज कुणी सतरा वर्षांचा मुलगा परभणीहून, गडहिंग्लजहून, अक्कलकुव्याहून तसाच येतो. त्याला कसं कळतं? तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल आहे की. आहे ना, पण कार्यक्रमांची खबर आता राहते कुठे? नाट्यसंस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गाण्याच्या रसिकांच्या दुसऱ्या ग्रुपवर, चित्रकारांच्या तिसऱ्या. ग्रुपमध्ये घ्यायला कुणाची तरी ओळख लागते. समाजमाध्यमांवरच्या पोस्ट ज्याने आधी त्या संस्थेला फॉलो केलंय त्याला दिसतात, आणि त्याही प्रयोग झाल्यावर दोन दिवसांनी. तिकिटाची ॲप आहेत, चांगली आहेत, पण तिथे फक्त तिकीट लावलेला कार्यक्रम दिसतो. वाचनालयातलं अभिवाचन, देवळातलं कीर्तन, कुणाच्या घरच्या गच्चीवरची बैठक, कलामहाविद्यालयातल्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन, यांना तिकीट नसतं, म्हणून ॲपच्या लेखी ते होतच नाहीत. म्हणजे ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच पुढचं कळतं, आणि ज्याला माहीत नाही तो बाहेरच राहतो. पेपरचा तो कॉलम या बाबतीत विलक्षण होता. तो कुणाला ओळखत नव्हता. स्वस्तातल्या पेपरात, तोही मेसमधला फुकट वाचलेला, त्याने माझ्यासारख्या परक्या पोराला सरळ आत नेऊन सोडलं.

उलटं एक उदाहरण देतो, जिथे ओळख लागत नाही. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२पासून. प्रवेश फुकट. तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी उतरतात. म्हणजे दर मंगळवारी मुंबईत नवी चित्रं भिंतींवर चढतात, वर्षातून पन्नासएक वेळा, गेली सत्तर वर्षं. इतकी ठरलेली वेळ बातमीदाराला दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात मिळते का सांगा! शेअर बाजारालासुद्धा सुट्ट्या जास्त असतील. तरी बुधवारच्या पानावर ‘काल जहांगीरला काय लागलं’ याच्या चार ओळी मी शोधतो आणि मला मिळत नाहीत.

चित्राची बातमी येते कधी? तर लिलावात विकलं गेलं की. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे १९५४ सालचं चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी बातमी केली. कोटीचा आकडा मथळ्यात, डॉलरचा आकडा पहिल्या परिच्छेदात, आधीचा विक्रम कुणाचा ते दुसऱ्यात. चित्र जवळपास चौदा फूट लांब आहे. त्यात तेरा वेगवेगळी दृश्यं आहेत, गावातली, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या भारताची. ती दृश्यं कोणती? माणसं काय करताहेत? रंग कसे आहेत? मी वाचलेल्या तीन-चार बातम्यांत यावर एक वाक्य सापडलं. एवढ्या किमतीत घर विकलं गेलं असतं तर त्यातल्या खोल्या मोजून तरी सांगितल्या असत्यात.

तमाशाचंही तेच. गुढीपाडव्याच्या सुमाराला जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात, बोलाचाली होतात, नारळ दिला जातो. फार बघण्यासारखा बाजार असतो. तिथून दरवर्षी एकच बातमी येते : यंदा उलाढाल किती कोटी. बरं, मग त्या फडांनी पुढे जत्रांतून कोणता वग लावला, नवा सोंगाड्या कोण, गण-गवळणीत काय नवं आलं, रात्री दहानंतर भोंगे बंद या नियमापायी वग अर्ध्यावर कापावा लागतो तेव्हा काय करतात, हे कोण लिहिणार? सुपारीचे पैसे मोजून झाले की बातमीदार परत येतो, आणि तमाशा त्यानंतर सुरू होतो.

पैसा ही एक वाट झाली. दुसरी वाट वादाची. पुन्हा पुरुषोत्तमवर येतो. २०२२ साली अंतिम फेरीत परीक्षकांनी कुठल्याच एकांकिकेला करंडक दिला नाही. दर्जा तितका नाही, असं त्यांचं म्हणणं. निर्णय बरोबर की चूक हा वाद आठवडाभर चालला, आणि चालायलाच हवा होता. माझं स्वतःचं मत परीक्षकांच्या बाजूने झुकतं, पण ते इथे सोडा. माझं म्हणणं असं की त्या आठवड्यात तुमच्या पानांवर भरपूर मजकूर आला आणि त्यात एकांकिकाच नव्हत्या. अंतिम फेरीत त्या पोरांनी केलं काय होतं? विषय कोणते होते? कुठे फसलं होतं? दर्जा नाही म्हणणारे आणि आहे म्हणणारे दोघंही ज्या गोष्टीबद्दल भांडत होते, ती बघितलेल्या माणसाने वाचकाला सांगितली असती तर वाचकालाही आपलं मत करता आलं असतं. न बघितलेल्या प्रयोगाच्या दर्जावर सगळा महाराष्ट्र तावातावाने बोलला.

फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत ९८वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर, म्हणजे लोकसंस्कृती आणि लोकनाट्य यांत उभा जन्म घालवलेल्या अभ्यासक. संमेलन उरकल्यावर दोन दिवस बातम्यांत काय गाजलं? एका राजकीय विधानातली मोटारगाडी. अध्यक्षीय भाषणाला तुम्ही जागा दिलीत, नाही म्हणत नाही. पण परिसंवादांत कोण काय बोललं ते मला आजतागायत ठाऊक नाही, आणि ती गाडी कोणत्या कंपनीची ते पाठ आहे.

उरल्या दोन वाटा म्हणजे पुरस्कार आणि मृत्यू. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी बघा. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यात वडशाला नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावं मंडईच्या म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने नाटक ठरवतात. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटे संपतं. लोक तिकीट काढून, घोंगडी घेऊन येतात आणि बसतात. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत शनिवार-रविवारची तारीख मिळवायला निर्माते मारामार करत असताना, तिकडे आडवारी गावात नाटकाला गर्दी लोटते. राज्याच्या संस्कृतीच्या पानावर याची नोंद किती? २०२३मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी एकदम ‘झाडीपट्टी म्हणजे काय’ याची चौकट छापली. चौकट बरी होती. पण चौकट छापायला दिल्लीहून यादी यावी लागते, हे मला लागलं.

आणि मृत्यूबद्दल काय बोलू. ‘काळाच्या पडद्याआड’, ‘चतुरस्र’, ‘कलाविश्व पोरकं झालं’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’. मीही लिहिले आहेत हे शब्द, शेकड्यांनी. रात्री अकराला बातमी येते, पान बाराला सोडायचं असतं, हात आपोआप चालतो. पण एखादा नट चाळीस वर्षं काम करत होता तेव्हा त्याचं काम कसं होतं यावर आपल्या दफ्तरात एक कागद नसेल, तर गेल्यावर पोकळीशिवाय लिहिणार काय?

हा दफ्तराचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो.

८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, दोघांचे चाहते हाडवैरी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही, चित्रफीत नाही. तरी आज शंभर वर्षांनी मराठी माणूस त्या रात्रीबद्दल भांडू शकतो, कुणाचं गाणं चढलं, टाळी कुणी घेतली, कारण बसून बघितलेल्या माणसांनी ते लिहून ठेवलं. आठवणींत लिहिलं, मासिकांत लिहिलं, पेपरांत लिहिलं. प्रयोग संपला की हवेत विरतो. त्याचं जे काही उरतं ते लिहिलेलंच.

मराठीत ही लिहिण्याची रीत चांगली तगडी होती. पुढे प्रभात कंपनीचे संगीतकार म्हणून नावाजलेले केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गवयांवर लिहायचे. कोण सुराला कसा लागतो, कुणाची तान कुठे लंगडते, हे बिनदिक्कत. माधव मनोहरांचं नाट्यपरीक्षण वाचून निर्माते चिडायचे, पण वाचायचे. अलीकडच्या काळात जयंत पवार स्वतः मोठे नाटककार असून दैनिकात नाटकांवर लिहीत होते, आणि त्यांनी झोडपलेल्या नाटकाचा दिग्दर्शकही दुसऱ्या दिवशी ते कात्रण जपून ठेवायचा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकं झाली, ती बघायला मावतील तितकीच माणसं बसायची. ज्यांनी बघितली नाहीत अशा माझ्यासारख्यांनाही ती नाटकं ‘माहीत’ आहेत, ती परीक्षणांमुळे. आता सांगा, ज्या कंदिलांच्या प्रयोगाचा फोटो मला आला, त्याचं काय उरेल? ‘आलेल्या सगळ्यांचे आभार’ एवढंच.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांनी १९१५मध्ये उभारलेली वास्तू. सगळे कॅमेरे तिथे पोचले, कोल्हापूरकर रस्त्यावर रडले, ती दृश्यं मीही डोळे पुसत बघितली. पण मला नंतर एक विचित्र कुतूहल वाटत राहिलं. जळण्याआधीच्या महिनाभरात त्या रंगमंचावर काय काय झालं होतं? शेवटचा प्रयोग कुणाचा? मी जालावर शोधलं. आगीचे शेकडो फोटो मिळाले. त्या महिन्याच्या प्रयोगांवर लिहिलेलं मला काहीही सापडलं नाही.

लिहिलेलं असतं तेही टिकत नाही म्हणा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या परीक्षणांचे दुवे मी जपून ठेवले होते. आता त्यांतल्या बऱ्याचशांवर टिचकी मारली की संकेतस्थळाचं मुखपृष्ठ उघडतं, आणि मुखपृष्ठावर असते ती चिमुकली. कागदाचा पेपर निदान वाचनालयात बांधून ठेवला जायचा. तुमच्या नव्या संकेतस्थळाची रचना बदलली की जुनं सगळं गायब, आणि कुणाला हळहळही नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. कागद महाग आहे. पुरवण्या आवळल्या आहेत. मनोरंजनाच्या टेबलावर दोन पोरं बसवलेली असतात, दोघांचीही वयं पंचविशीच्या आत, आणि प्रत्येकाने पाळीत पंधरा-वीस बातम्या टाकायच्या असा हिशेब असतो. त्यांनी नाटकाला जायचं कधी? मला त्या पोरांचा राग अजिबात नाही. त्यातल्या एकीशी बोललो आहे. ती कॉलेजात एकांकिकेचं नेपथ्य करायची. आता ती अभिनेत्रींच्या पोस्टचे मथळे करते आणि म्हणते, ‘काका, चिमुकली टाकली की चालते. परीक्षण टाकलं की कुणी उघडत नाही.’ तिच्या समोरच्या पडद्यावर आकडे दर मिनिटाला हलत असतात. तिचं म्हणणं खरं आहे. पण परीक्षण कुणी उघडत नाही याचं एक कारण ती परीक्षणंही आहेत.

कारण जे छापून येतं ते वाचून बघा. ‘रसिक मंत्रमुग्ध झाले.’ ‘स्वरवर्षावात श्रोते चिंब न्हाऊन निघाले.’ कोणता राग होता? विलंबित कशात होतं? तबल्यावर कोण होतं, आणि ते जमलं का? गाणाऱ्या बाईंचा आवाज त्या दिवशी बसलेला होता हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं होतं, त्यांनी तो कसा सांभाळून घेतला ही खरी ऐकण्यासारखी गोष्ट होती, आणि बातमीत श्रोते न्हाऊन निघाले. का? तर त्या महोत्सवाचा ‘माध्यम प्रायोजक’ तुमचाच पेपर. मंडपाच्या कमानीवर तुमचं बोधचिन्ह. मग तुमच्या माणसाने लिहायचं काय? प्रायोजक जरूर व्हा, पैसा कलेकडे आला तर चांगलंच. फक्त वृत्तान्ताखाली तशी एक ओळ छापा, आणि लिहिणाऱ्याला कान वापरायची मुभा द्या.

सिनेमाच्या ताऱ्यांबद्दलही तेच. मराठी सिनेमा जगला पाहिजे म्हणून प्रत्येक मराठी सिनेमाला साडेतीन तारे. मी फसून गेलो आहे या साडेतीनांवर, बायकोला घेऊन, एकदा नव्हे तीनदा. आता आमच्या घरात साडेतीन म्हणजे ‘जाऊ नका’ असा अर्थ झाला आहे. दयेने कुणी जगत नाही हो. उलट खरोखर चांगला सिनेमा येतो तेव्हा तुमच्याकडे द्यायला तारेच शिल्लक नसतात.

छापलेल्या चार ओळींची किंमत काय असते ते मी एकदा अगदी जवळून बघितलं आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी एका जिल्ह्याच्या गावी चालू होती, आणि आमच्या जिल्हा आवृत्तीत रोज आदल्या रात्रीच्या नाटकावर तीनशे शब्द यायचे. लिहिणारे एक निवृत्त शिक्षक, मानधन अगदीच किरकोळ. सकाळी मी एस.टी. स्टँडवर चहा पीत होतो. शेजारी एक कंडक्टर पेपर पसरून उभा. खाकी गणवेश, खांद्याला चामडी पिशवी. त्याने खिशातून दाढीचं अर्धं ब्लेड काढलं, कागदात गुंडाळलेलं, म्हणजे तयारीने आला होता. आणि परीक्षणातली एकच ओळ, अक्षरशः एकच, अलगद कापून काढली. मी विचारलं. म्हणाला, ‘पोस्टमनचं काम केलंय मी काल. दोनच वाक्यं होती.’ मी ती ओळ वाचायला मागितली. ‘पोस्टमन दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या उभं राहण्यातच बातमी वाईट असल्याचं कळतं,’ असं काहीसं होतं. नाव नव्हतं छापलेलं. त्याला त्याचं काही नव्हतं. ‘बघितलं ना पण त्यांनी,’ म्हणाला, आणि गाडी सोडायला गेला.

काही जिल्हा आवृत्त्यांत स्पर्धेच्या दिवसांत अजून असं येतं. जिथे येतं तिथल्या संपादकांना माझा साष्टांग नमस्कार, हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

बाकीच्यांकडे मागणं फार नाही. एक कॉलम. रोज. कागदावर जमत नसेल तर संकेतस्थळावर, पण ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी, शोधावं लागू नये असा. फुकट, आणि लहान-मोठं न बघता. नाटकाला, बैठकीला, प्रदर्शनाला, भारुडाला, शाळेच्या सभागृहातल्या लघुपटाला सारखीच ओळ. चिठ्ठ्या गोळा करायला माणूस नसेल तर मी येतो, निवृत्त आहे, दुपारी चार ते सहा मला काही काम नसतं. माझ्यासारखे प्रत्येक शहरात पाच-दहा सापडतील, विचारून तर बघा. आणि आठवड्यातून दोनदा तरी, झालेल्या प्रयोगावर तो बघितलेल्या माणसाने आपल्या नावानिशी लिहिलेले तीनशे शब्द. त्या नेपथ्यवाल्या मुलीला महिन्यातले चार दिवस संध्याकाळी ऑफिसातून सोडा, ती लिहील. पैठण्या आणि गाड्या चालू ठेवा, लोक वाचतात, मीही वाचतो. पण त्या पानाला संस्कृती म्हणू नका, सरळ ‘तारे-तारका’ म्हणा, म्हणजे आमचीही फसगत होणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना उपसंपादक

ता. क. सवय जात नाही, म्हणून सोबत एक चिठ्ठी जोडतो आहे. आमच्या भागातल्या मुलांनी दिली. जागा कमी असेल तर शेवटचं वाक्य गाळा, वेळ मात्र नीट छापा.

‘शनिवार, सायं. ६.३०. वाचनालयाचा वरचा मजला. नव्या एकांकिकेचं अभिवाचन. प्रवेश खुला. प्रमुख पाहुणे नाहीत. जिन्यातला दिवा गेला आहे, जपून यावे.’